मनीषनगरचं फाटकं प्रकरण

"या मध्य भारतात असा गुन्हा अजून जन्माला यायचा आहे, ज्याचा बाप मला सापडणार नाही," असं मार्तंडराव उमरेडकरांनी जाहीर केलं, तेव्हा त्यांच्या पाठीमागे फाटकाशी उभी असलेली एक गाय त्यांच्या नव्या व्हिजिटिंग कार्डांचा गठ्ठा शांतपणे खात होती.

गाय दिसली ती फक्त वामनरावांना. पण भाऊजींचं भाषण चालू असताना मध्ये बोललं की ते पहिल्यापासून सुरू करतात, हा अनुभव गाठीशी असल्यामुळे वामनरावांनी गाईला पोटभर खाऊ दिलं. तसंही त्या कार्डावर 'गुप्तता हाच धर्म' असं ठळक अक्षरांत छापलेलं होतं आणि मार्तंडरावांनी ती अख्ख्या गल्लीत वाटली होती. खाली फोन नंबर होता तो बायकोचा, कुसुमताईंचा. कारण शहरातल्या कुठल्याही फरार माणसाचा माग काढू शकणाऱ्या मार्तंडरावांना स्वतःचा फोन कधी सापडत नसे.

मार्तंडराव वीज खात्याच्या भरारी पथकातून निवृत्त झाले होते. तारेवर आकडा टाकून वीज चोरणारे लोक पकडण्यात त्यांची हयात गेली. त्यांच्या कारकिर्दीतली सगळ्यात गाजलेली धाड वामनरावांच्या लग्नात पडली होती. मांडवाची रोषणाई आकड्यावर आहे, हे त्यांनी बरोब्बर ओळखलं. मात्र जेवण झाल्यावर ओळखलं. बोहल्यावर अंधार झाला, भटजींना पुढचं कडवं दिसेना, आणि नवरीमुलीचा हार भलत्याच माणसाच्या गळ्यात पडता पडता राहिला. वामनरावांनी हे कधी माफ केलं नाही. पण सख्ख्या बहिणीचा नवरा पडला, त्यामुळे सोडताही आलं नाही. आता दोघेही पेन्शनर, मनीषनगरात एकाच घराच्या खालीवर राहणारे. मार्तंडराव गुप्तहेर झाले तेव्हा वामनराव आपोआप सहायक झाले. सहायकाचं काम स्कूटर चालवणं, चहा पाजणं आणि तर्क चुकला की तो आपला होता असं मान्य करणं.

मे महिन्यातली दुपार होती. अशा वेळी नागपुरात रस्त्यावर जो दिसतो तो डोळे सोडून सगळं तोंड दुपट्ट्यात गुंडाळलेला असतो. त्यामुळे इथं गुप्तहेराला वेषांतराचा खर्च येत नाही, पण अशील आणि दरोडेखोर यांत फरकही करता येत नाही. तसा एक दुपट्टा फाटकातून आत आला, त्यानं गाईला हाकललं आणि तोंड सोडल्यावर तो पलीकडच्या गल्लीतला स्वानंद निघाला. तिशीतला, गुळगुळीत दाढीचा, एरवी हसतमुख पोरगा. आज चेहरा असा की कोणी त्याच्या कूलरची मोटर काढून नेली असावी.

"काका, एक वस्तू फाटून राहिली," तो म्हणाला.

मार्तंडरावांनी कोणती म्हणून विचारलं. तो म्हणाला, रबराची. मार्तंडरावांनी ताबडतोब गॅसचा पाइप असल्याचा निष्कर्ष काढून सिलिंडर बंद केलं का ते विचारलं. तो म्हणाला, तशी नाही. मग कूलरचा पाइप, स्कूटरची ट्यूब आणि पावसाळी बूट असे तीन निष्कर्ष लागोपाठ निघाले. स्वानंदची मान दर निष्कर्षाला दोन बोटं खाली जात होती.

"कंडोम म्हणून राहिला तो," वामनराव म्हणाले.

मार्तंडरावांनी उठून आधी दार लावलं, मग खिडकी लावली, मग गुप्ततेच्या दृष्टीनं कूलर पूर्ण जोरावर सोडला. कूलर जुना होता. त्याच्या आवाजात पुढची सगळी हकिगत स्वानंदला ओरडून सांगावी लागली आणि ती गल्लीच्या टोकापर्यंत सुखरूप पोचली.

हकिगत अशी. स्वानंदची बायको रितिका हिला दहा महिन्यांची मुलगी होती. बाळंतपण सिझेरियनचं झालं होतं आणि तेही अवघड. रामदासपेठेतल्या डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलं होतं की टाके नीट भरायचे असतील तर दोन वर्षं तरी पुढचा विचार करू नका. नवराबायको शहाणी. काळजी घेत होती. पण उन्हाळा लागल्यापासून ती काळजी दोनदा फाटली. दुसऱ्या वेळी रितिका सकाळी उठून तशीच डॉक्टरांकडे गेली, गोळी घेतली आणि पुढचे कितीतरी दिवस दोघांनाही धड जेवण गेलं नाही. निभावलं. पण रितिकाच्या मनात एक किडा शिरला तो शिरलाच. तिचं म्हणणं, हे आपोआप फाटत नाही. घरातलं कोणीतरी सुईनं टोचतंय. आणि घरात ती दोघं, तान्ही मुलगी आणि पेपरातून डोकं न काढणारे सासरे सोडले तर एकच माणूस उरत होतं.

"अखाजीच्या सणाले आई म्हणाली होती," स्वानंद ओरडून म्हणाला, "की एकाले दोन असले की बरं असते. तेव्हापासून रितिका आईच्या हातचा चहा घेऊन नाही राहिली."

"मग ती काय म्हणते?"

"म्हणते, कोण टोचून राहिलं ते समजल्याशिवाय मी या घरात झोपणार नाही. उद्या संध्याकाळच्या गाडीनं पोरीला घेऊन चंद्रपूरले चालली. माहेरी."

मे महिन्यात स्वतःच्या मर्जीनं नागपूरहून त्याहून तापणाऱ्या चंद्रपूरला निघालेली बाई म्हणजे प्रकरण कुठवर गेलंय, हे कोणाला समजावून सांगायची गरज नव्हती.

"आईले मी विचारू शकत नाही आन् हिले समजावू शकत नाही," स्वानंद म्हणाला. "मी काय करू, काका?"

मार्तंडराव उभे राहिले. खोलीत येरझाऱ्या घालायला जागा नव्हती म्हणून जागच्या जागी फिरले. या प्रकरणाला तीन दारं आहेत, ते म्हणाले: दुकानदार, उंदीर आणि सासू. यांपैकी उंदराला त्यांनी तिथल्या तिथे निर्दोष सोडलं, कारण स्वानंदच्या सांगण्याप्रमाणे वरच्या चकचकीत वेष्टनावर दातांची खूण नव्हती. वामनरावांना वाटलं, इतक्या लवकर निकाल लागलेली ही भाऊजींची पहिलीच केस.

दुकान प्रताप नगरात होतं. मनीषनगरात औषधांची दुकानं पैशाला पासरी, पण घराजवळचा दुकानदार स्वानंदच्या बाबांसोबत सकाळी फिरायला जाणारा, म्हणून स्वानंद एवढ्या उन्हात इतक्या लांब जाऊन ही खरेदी करत असे. तिघं एका स्कूटरवर निघाले. ऊन लागू नये म्हणून मार्तंडरावांनी खिशात कांदा ठेवला होता. तो मधे बसलेल्या स्वानंदच्या बरगडीत रुतत होता, पण तक्रार करण्याच्या मनःस्थितीत तो नव्हता.

काउंटरवर करिष्मा नावाची मुलगी होती, फार्मसी शिकलेली, कपाळावर आठी असलेली. मार्तंडराव काउंटरवर झुकले आणि खालच्या आवाजात म्हणाले की, एका अत्यंत नाजूक पदार्थाच्या संदर्भात आम्ही चौकशी करत आहोत.

"कंडोम का?" करिष्मानं विचारलं. इसबगोल घ्यायला आलेले एक गृहस्थ आपलं काम झालं असूनही थांबले.

तिनं स्वानंदनं घरून आणलेलं पाकीट घेऊन आधी तारीख पाहिली. तारखेला अजून भरपूर अवकाश होता. मग तिनं विचारायला सुरुवात केली, आणि ती सरळ त्यालाच विचारत होती, कारण वापरणारा कोण हे तिला बघताक्षणी समजलं होतं. वेष्टन दातानं फोडता का? नाही, काठावरून, हातानं. नख लागतं का? नाही. टोक चिमटीत धरून आतली हवा काढता? हो. अगदी सुरुवातीपासून घालता की मधेच आठवण झाल्यावर? सुरुवातीपासून, असं स्वानंदनं इतक्या हळू सांगितलं की इसबगोलवाल्या गृहस्थांनी कानामागे हात धरला. उलटं लागलं तर तेच पलटवून घालता का? नाही, फेकून नवीन घेतो.

"तेलबिल लावता? खोबऱ्याचं, किंवा जेली, क्रीम?"

"नाही."

"लावूच नका. तेलानं हे रबर सडते. लागलंच तर पाण्याचं जेल मिळते, ते घ्या."

आपल्यावाचून चौकशी पुढे चालली आहे हे मार्तंडरावांच्या लक्षात आलं. ते मधे पडले आणि म्हणाले की, त्यांच्या मते उपाय साधा आहे. एकावर एक दोन घालावेत. दुहेरी बंदोबस्त.

"काका, दोन घातले तर एकमेकांवर घासून दोन्ही फाटतात," करिष्मा म्हणाली. "तुम्ही स्कूटरवर एकावर एक दोन हेल्मेट घालता का?"

मार्तंडराव प्रामाणिक माणूस. ते म्हणाले, नागपुरात एकही कोणी घालत नाही.

"तेच तं मोठं दुखणं आहे," ती म्हणाली आणि परत स्वानंदकडे वळली. खिशातल्या पाकिटात घालून फिरता का? त्यावर बसता का? गाडीच्या डिकीत ठेवता का? स्वानंद प्रथमच अभिमानानं बोलला. अजिबात नाही. घरी ठेवतो. एकदम आतमध्ये, अंधारात, कोणाचा हातही लागणार नाही अशा जागी.

"मग तर बरोबर आहे," करिष्मा म्हणाली. तिलाही कोडं पडलं. जाता जाता तिनं सांगितलं की फाटलं तर लाजत बसू नका, तुमच्या मिसेस गेल्या तशा लगेच डॉक्टरकडे जा, जितकं लवकर तितकं बरं. आणि यानं मूलच नाही, रोगही थांबतात, म्हणून वापरणं सोडू नका. हे शेवटचं वाक्य तिनं इसबगोलवाल्या गृहस्थांकडे बघून म्हटलं.

पुराव्यासाठी एक नवं पाकीट घेतलं गेलं. स्वानंदच्या घरच्या पाकिटातला शेवटचा एक त्याच्याजवळ होता. मार्तंडरावांनी घरामागच्या नळाशी प्रयोगशाळा मांडली. वामनरावांनी धरायचं आणि त्यांनी पाणी सोडायचं. घरचा जो होता तो पेलाभर पाणी जायच्या आत फाटला आणि वामनरावांचा पायजमा भिजला. दुकानातून आणलेला मात्र भरतच गेला, भरतच गेला, शेवटी तो आर्वीच्या बाजारातल्या टरबुजाएवढा झाला आणि तरी वामनरावांच्या दोन्ही हातांत शांतपणे डुलत राहिला.

तेवढ्यात कुसुमताई भांडी घासायला बाहेर आल्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं, मग त्या टरबुजाकडे पाहिलं.

"आता शिकून काय उपयोग आहे?" त्या म्हणाल्या, आणि भांडी घेऊन आत गेल्या.

यावरून एवढं मात्र सिद्ध झालं की माल दुकानातून चांगला निघतो आणि घरी जाऊन बिघडतो. हे मार्तंडरावांनी सांगितलं आणि ते बरोबर होतं. इथपर्यंत त्यांची गाडी रुळावर होती, हे नमूद करायला हवं. वामनरावांनी फाटलेला तुकडा उजेडात धरून पाहिला. त्यात भोक असं कुठं नव्हतं. तो जुन्या चपलेच्या अंगठ्यासारखा तडकला होता, हात लावला तिथे चिकट लागत होता.

"भाऊजी, सुईनं टोचलं असतं तं बारीक धार लागली असती," ते म्हणाले. "हे तं आख्खंच गेलं."

मार्तंडराव क्षणभर थांबले. मग त्यांच्या चेहऱ्यावर ते हसू आलं, जे वामनरावांच्या लग्नात जेवणानंतर आलं होतं.

"गरम सुई," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघे स्वानंदच्या घरी गेले. सोंग ठरलं होतं: घराचं अर्थिंग तपासायचं. स्वानंदची आई शोभाताई बैठकीत फतकल मारून बसल्या होत्या आणि एका फाटक्या गादीची कड शिवत होत्या. त्यांच्या हातात वीतभर लांब, चकचकीत दाभण होतं. ते बघून मार्तंडरावांनी वामनरावांचा दंड इतक्या जोरात दाबला की वामनरावांच्या तोंडून आवाज निघाला आणि शोभाताईंनी त्यांना पाणी हवं का म्हणून विचारलं.

अर्थिंगच्या निमित्तानं घर फिरून झालं. मग मार्तंडराव गच्ची बघायला निघाले. जोडे त्यांनी खाली दारात काढले होते, हे त्यांना गच्चीच्या मध्यावर आठवलं. जिन्याच्या सावलीत उभ्या असलेल्या वामनरावांना भाऊजींचं जे नृत्य दिसलं ते त्यांनी पुढे बरेच दिवस मनातल्या मनात पुन्हा पुन्हा पाहिलं. पाण्याच्या टाकीजवळ एक मोठा टिनाचा पत्रा टाकलेला होता. त्याच्या एका टोकाला कुरडया वाळत होत्या, दुसऱ्या टोकाला लहान मुलाची दुपटी, गादी आणि एक निळी उशी. मार्तंडरावांनी तीन उड्यांत गादी गाठली, उशीवर बैठक मारली, तळपाय हातात घेतले आणि त्याही स्थितीत कर्तव्य विसरले नाहीत.

"लिहून घ्या," ते ओरडले. "गच्चीत संशयास्पद काही नाही." आणि उशीही तव्यासारखी तापलेली आहे हे बुडाला समजल्यामुळे ते लगेच उठले.

खाली आले तेव्हा रितिका आतल्या खोलीतून बाहेर आली होती. तिनं बँकेतून अर्ध्या दिवसाची सुटी घेतली होती. एका हातात बॅग, कडेवर पोरगी, आणि डोळे रडून झाल्यावर कोरडे होतात तसे. स्वानंद तिच्या मागे, चोर असावा तसा. स्वानंदचे बाबा ओमप्रकाश खिडकीपाशी पेपर उघडून बसले होते. वामनरावांना वाटलं, आता इथून निघून जावं. पोरगी खरोखर चालली होती, आणि ती गेली की या घरात ते जे काही होतं ते परत सांधलं जाणार नव्हतं, मग गुन्हेगार कोणीही असो.

पण मार्तंडरावांना समोर माणसं जमलेली दिसली आणि माणसं जमली की त्यांना भाषण येतं.

त्यांनी दोन वाक्यांत अर्थिंगचा खुलासा केला. मग म्हणाले की या घरात एक अदृश्य हात फिरतो आहे. नव्या पिढीच्या नियोजनात जुनी पिढी छिद्रं पाडते आहे. त्या हाताला नातू हवा आहे. तो हात सकाळी प्रेमानं चहा करतो आणि दुपारी, सगळे कामाला गेल्यावर, चुलीवर पोलाद तापवतो. एवढं बोलून ते वाकले, गादीत खोचलेलं दाभण उपसलं आणि उंच धरलं.

"हे ते हत्यार. आणि हे टोचणारा हात, शोभाताई, तुमचा."

शोभाताई त्यांच्याकडे बघत राहिल्या. "काय टोचलं मी?"

"तेच."

"तेच म्हणजे कोणतं?"

मार्तंडरावांना अचानक खोकला आला. स्वानंद भिंतीवरच्या कॅलेंडरचा महिना वाचू लागला. वामनरावांनी जमिनीची फरशी मोजली असती, पण शेवटी रितिकाच बोलली.

"कंडोम, आई. दोनदा फाटले. डॉक्टरनं दोन वर्षं थांबायचं सांगितलं आहे, तुम्हाला माहीत आहे. मी किती भ्याली होती ते मलाच ठाऊक. आणि अखाजीले तुम्हीच म्हटलं, एकाले दोन असले की बरं."

"माठाचं बोलली मी," शोभाताई म्हणाल्या. "एक पाझरून राहिला होता."

त्या उठल्या. उठताना गुडघ्यावर हात ठेवून उठल्या आणि सुनेसमोर येऊन उभ्या राहिल्या. मोठ्या आवाजात नाही, अगदी साध्या आवाजात बोलल्या.

"अवं, माह्या पहिल्या दोघी पाठोपाठ झाल्या. एक अंगावर पीत होती तं दुसरीच्या उलट्या सुरू. मले उभं राहिलं की अंधारी येत जाय. ते मी तुले करीन? नातू पाहिजे म्हणून?"

रितिकाच्या हातातली बॅग खाली टेकली.

"ठेवता कुठं तुम्ही ते?" शोभाताईंनी स्वानंदला विचारलं.

स्वानंदनं आयुष्यात आईला बरंच काही सांगितलं नव्हतं, पण हे सांगणं त्याला सगळ्यात जड गेलं असावं. "उशीत," तो म्हणाला. "खोळीच्या आत, कापसात खोचून. तुझ्या हाती लागू नये म्हणून."

"कोणत्या उशीत?"

"निळ्या."

शोभाताईंनी डोळे मिटले आणि उघडले.

"बापा, त्या उशीवर तं तुही पोट्टी रोज मुतते. तुम्ही दोघंही बाहेर पडले का मी गादी-उशी गच्चीवर नेतो, पत्र्यावर टाकतो, संध्याकाळी तुम्ही यायच्या आत खाली आणतो. महिना झाला करून राहिली. त्या पत्र्यावर माह्या कुरडया एका दिवसात कडक होते." त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं, जणू यापुढचं कोणीतरी दुसऱ्यानं बोलायला हवं. "रबर आहे ना गा ते? मग? कूलरचा पाइप दर सालं तडकते तो कोण टोचते? मी कुकरची रिंग कधी उन्हात ठेवली आजवर?"

बैठकीतल्या सगळ्यांनी एकदम वर, छताकडे पाहिलं. छतापलीकडे पत्रा होता, पत्र्यावर उशी होती आणि तिच्यावर थोड्या वेळापूर्वी मध्य भारताचा सर्वश्रेष्ठ गुप्तहेर बसून गेला होता.

"म्हणजे उष्णता," मार्तंडराव म्हणाले. "मी कालच वामनरावांना म्हटलं होतं. गरम."

वामनरावांनी ते मान्य केलं. तसंही ते सहायकाचंच काम होतं.

"मले सांगितलं असतं, की वं आई, या उशीत आमचं सामान आहे, तं मी काय खाल्लं असतं?" शोभाताई आता रंगात आल्या होत्या. "लपवाले सोन्याचं बिस्कीट होतं का ते? तुह्या बापानं लपवलं नाही कधी. दुसरी झाल्यावर नर्सबाईनं ह्याहिले सरकारी दवाखान्यात बोलावून समजावून सांगितलं, तिथूनच आणत जाय. पाच वर्षं एक फाटला नाही. म्हणून तं तू पाच वर्षांनी झाला, आम्हाले पाहिजे होता तेव्हा."

खिडकीपाशी पेपर थरथरायला लागला होता. त्यामागून ओमप्रकाशांचा आवाज आला, त्या दिवसातला पहिला आणि शेवटचा.

"माठाजवळच्या फळीवर," ते म्हणाले. "झाकणाच्या डब्यात. थंड, पण कोरड्यात."

आणि पेपर आणखी वर गेला.

रितिका आधी हसली की आधी रडली हे वामनरावांना सांगता आलं नसतं. तिनं पोरगी सासूच्या हातात दिली आणि खुर्चीत बसली. मग नवऱ्याकडे बघून म्हणाली, "अंधारात, कोणाचा हात लागणार नाही. वा." स्वानंदनं मान हलवली. चंद्रपूरच्या गाडीचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही. बॅग मात्र थोडा वेळ मधेच पडून होती, आणि शोभाताईंनी पायानं ती भिंतीशी सरकवली.

पुढची व्यवस्था त्यांनीच लावली. पश्चिमेची भिंत तापते, त्यामुळे त्या बाजूचं कपाट नको. आतल्या खोलीतल्या लोखंडी आलमारीचा खालचा खण त्यांनी रिकामा केला, लवंगा ठेवायचा एक डबा पुसून त्यात ठेवला आणि सांगितलं की या खणाला मी हात लावणार नाही, तुम्ही मात्र तारीख बघत जा. स्वानंदला त्यांनी तिथल्या तिथे दुकानात पिटाळलं. जुने उरले असतील ते फेक, नवीन आण, आणि इथूनच आण. प्रताप नगरहून येता येता ते शिजतात. डिकीत टाकून पानठेल्यावर उभा राहू नको. तुह्या बाबांसोबत फिरणाऱ्या त्या दुकानदारालेही लेकरं आहे, त्याले समजते.

स्वानंद गेला. रितिका आत जाऊन चहा टाकू लागली, आणि सासूला दूध किती म्हणून तिनं तिथूनच विचारलं. वामनरावांना हे सगळं संपल्यासारखं वाटत होतं, पण मार्तंडराव अजून बैठकीच्या मधोमध उभे होते. त्यांनी शर्टाची गुंडी लावली, छाती थोडी पुढे काढली आणि घसा साफ केला. एका घराचा संसार त्यांनी वाचवला होता. आता कोणीतरी तसं म्हणायचं राहिलं होतं.

शोभाताईंनी खिडकीतून उन्हाचा अंदाज घेतला, नात एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतली आणि त्यांच्याकडे वळल्या.

"उमरेडकर भाऊ, आलेच आहा तं वरची तेवढी गादी खाली आणून द्या ना," त्या म्हणाल्या. "माहे गुडघे दुखतात. आन् जिन्यात फरफटू नका, आताच एकीची कड शिवली आहे."